कच्च्या तांदळाएवढी पेस्ट

आज रात्री जेवणं उरकली की घरातली टूथपेस्टची ट्यूब उजेडात धरा आणि तिची मागची बाजू वाचा. अक्षर बारीक असतं, बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. नाही लागलं तर पाचवी-सहावीतल्या लेकीला वाचायला सांगा. तिथं फ्लोराइड हा शब्द आणि त्याच्यापुढं ‘पीपीएम’ असा एक आकडा शोधा. आपल्या देशात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला परवानगी नाही आणि जितकं असेल तितकं ट्यूबवर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. तुमच्या ट्यूबवरचा आकडा हजाराच्या जवळपास असेल, तर पहिला दात आलेल्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालणारी पेस्ट तुमच्या घरात आहे. आकडाच नसेल, तर ती पेस्ट तोंडाला सुवास आणेल, दात पुसून काढेल. पण कीड अडवायचं जे खरं काम आहे, ते तिच्याकडून होणार नाही.

सुरुवातच ट्यूबपासून केली, कारण लहान मुलांचे दात तपासताना मला मुळशीत दोन अगदी वेगळी घरं दिसतात. हिंजवडी-माणच्या सोसायट्यांतलं एक घर. तिथं आईनं खूप वाचून, चार मैत्रिणींना विचारून, ‘फ्लोराइड नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली स्ट्रॉबेरीची महागडी पेस्ट मागवलेली असते. दुसरं घर पौडच्या पुढं, माले ओलांडून ताम्हिणीकडं जाताना लागणाऱ्या एखाद्या वाडीतलं. तिथं मोठी माणसं मशेरी नाहीतर काळं दंतमंजन लावतात आणि लहानग्याच्या तोंडाला अजून कशाचाच हात लागलेला नसतो. एका घरात काळजी फार, दुसऱ्या घरात सवड नाही. पण दोन्ही घरांतल्या तीन वर्षांच्या पोरांचा वरचा ओठ उचलून बघितला की पुढच्या दातांवर तेच तपकिरी डाग. दोन्हीकडं कमी पडतं ते एकच, आणि ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दहा-वीस रुपयांच्या साध्या ट्यूबमध्ये मिळतं.

“दुधाचंच दात हाईत डॉक्टर, पडायचंच की!” हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आधी त्याचंच बोलू. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, खरं आहे. पण दुधाच्या दाढा? त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास आलेली दाढ चौथ्या वर्षी किडली, तर लेकराला पुढची सहा-आठ वर्षं त्याच दाढेनं भाकरी चावायची आहे. ठणका लागला की पोर एका बाजूनं खातं, मग मऊच मागतं, मग नुसत्या चहा-बिस्किटांवर राहतं. रात्री झोप नाही, सकाळी अंगणवाडीत पेंगतं. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही धक्का बसू शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात सरकून ती जागा खातात, मग पक्का दात वाकडा येतो. देशभरात २००२-०३ मध्ये मौखिक आरोग्याची मोठी पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना कीड आढळली होती. म्हणजे ही तुमच्याच घरची गोष्ट नाही. तुमच्यावर दोष ठेवण्यासाठी मी हे सांगत नाहीये. हे बहुतांशी टाळता येतं, म्हणून सांगतेय.

कीड लागते कशी, हे एकदा नीट समजलं की बाकीचं सांगावंच लागत नाही. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात जिवाणू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्याचं आम्ल बनवतात. तोंडातला सामू साडेपाचाच्या खाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतं. थोड्या वेळानं लाळ ते आम्ल निवळवते आणि निघालेली खनिजं परत जागेवर बसवते. दिवसभर हे चालूच असतं. भातखाचराचा बांध आठवा. पावसानं खचलेला बांध दोन सरींमधल्या उघडिपीत लिंपून घेता येतो. उघडीप मिळालीच नाही तर तो फुटतो. दातालाही तशी उघडीप लागते. म्हणून मुलानं एकदाच जेवणानंतर लाडू खाल्ला तर बिघडत नाही. पण पाच रुपयांचं पाकीट हातात घेऊन ते तासभर एकेक चघळत फिरलं, तर मोठं नुकसान होतं. बिस्किट, टोस्ट, खारी, कुरकुरे हे गोड लागो न लागो, त्यांचं पीठ दाढांच्या खाचांत लगदा होऊन बसतं.

या लिंपणात फ्लोराइड कामाला येतं. लाळेत ते थोडं जरी असलं तरी विरघळलेली खनिजं लवकर परत बसतात, आणि जे कवच नव्यानं तयार होतं ते आधीपेक्षा टणक असतं. सामू साडेचाराच्या आसपास उतरेपर्यंत तग धरतं. पूर्वी असं समजायचे की फ्लोराइड पोटात गेलं पाहिजे, मग ते हाडामांसातून दातात जातं. आता आपल्याला माहीत आहे की त्याचा मुख्य फायदा दाताला वरून लागण्यातच आहे. म्हणजे गिळायची काही गरज नाही. फक्त दाताला लागलं पाहिजे, रोज, दोनदा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइडच्या टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. त्या यादीत प्रतिजैविकं असतात, इन्सुलिन असतं. त्यांच्या पंगतीत ही दुकानातली ट्यूब बसली.

आता हिंजवडीच्या त्या आईकडं वळते, कारण तिची भीती खोटी नाही. फ्लोराइडनं दात खराब होतात, हाडं वाकतात, हे तिनं वाचलेलं असतं आणि ते खरंच घडलेलं आहे. आपल्याच महाराष्ट्रात नांदेडच्या किनवट भागात, यवतमाळच्या पांढरकवडा आणि झरी-जामणीकडं, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. ते पाणी जन्मापासून वर्षानुवर्षं पिऊन तिथल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे आणि तपकिरी पट्टे आले, मोठ्यांचे सांधे आखडले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं आपलं राष्ट्रीय मानक सांगतं. त्या गावांत ते त्याच्या वर जातं. तिथल्या माणसांचं दुःख मोठं आहे आणि त्यावर उपाय पाण्याचा आहे.

पण मुळशीचा दगड वेगळा, पाणी वेगळं. आपल्याकडं सह्याद्रीचा काळा कातळ आणि वरून धो धो पाऊस. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. खोल बोअरचं पाणी पीत असाल तर शंका मनात ठेवू नका. जलजीवन मिशनमधून गावोगावी पाणी तपासायचे संच दिलेत, गावातल्या बायकांना ते वापरायला शिकवलंय. ग्रामपंचायतीत विचारा, फ्लोराइडचा आकडा मागा. तो कमी निघाला तर तुमच्या मुलाच्या दाताला फ्लोराइड देणारी रोजची गोष्ट एकच उरते, ती म्हणजे पेस्ट.

गंमत म्हणजे फ्लोराइडचा गुण आणि दोष दोन्ही एकाच शोधातून पुढं आले. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेला, तेव्हा गावच्या माणसांचे दात तपकिरी डागांचे दिसले. वर्षानुवर्षं तो कारण शोधत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडत मात्र फारसे नाहीत. १९३१ मध्ये चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञानं पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड सापडलं. पुढची सगळी धडपड एकाच प्रश्नाची होती: डाग पडणार नाहीत पण कीड अडेल, इतकं नेमकं किती? सगळं मात्रेवर आहे. तुम्ही क्रोसिनचं औषध झाकणानं मोजून देता ना, तशीच पेस्ट मोजून द्यायची.

तर किती द्यायची? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या एका दाण्याएवढी. मुळशीत हे समजावणं सोपं जातं, इंद्रायणीचा दाणा कुणाला दाखवावा लागत नाही. फक्त एक सांगते, कच्चा तांदूळ. शिजलेलं शीत नव्हे. ब्रशच्या केसांवर नुसती पुसट लागली पाहिजे. तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखा पट्टा दाखवतात, तो विसरा.

हिशेब करून बघा. हजार पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तांदळाएवढी पेस्ट साधारण ग्रॅमचा दहावा भाग भरते, म्हणजे फ्लोराइड सुमारे ०.१ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा ब्रश केला आणि बाळानं थुंकायचं सोडून सगळं गिळलं, तरी ०.२. इतक्यानं काही होत नाही. पण तोच पूर्ण पट्टा दोनदा भरून दिला तर दिवसाला दोन मिलिग्रॅम पोटात जातील, आणि रोज असं होत राहिलं तर पक्क्या दातांवर पांढरे डाग उमटू शकतात. पुढच्या पक्क्या दातांचं कवच आयुष्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांतच हिरडीच्या आत घडत असतं म्हणून. तेव्हा पेस्ट तुम्हीच लावायची, मुलाच्या हातात ट्यूब द्यायची नाही. गोड वासाची ट्यूब तर फळीवर उंच ठेवा. एखाद्या पोरानं खाऊ समजून अर्धी ट्यूब फस्त केली, तर लगेच दूध पाजा आणि दवाखान्यात न्या. दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला पोटातच धरून ठेवतं. हे क्वचित घडतं, पण ठाऊक असलेलं बरं.

“मग लहान मुलांची म्हणून मिळते ती पेस्ट काय वाईट?” वाईट नाही, पण तिच्यावरचा आकडा बघा. आपल्याकडं मुलांच्या कितीतरी पेस्टवर पाचशेच्या आसपासचा आकडा असतो, काहींवर शून्य. हजार आणि त्याच्या वरच्या पेस्टनं कीड कमी होते याचा पुरावा भक्कम आहे. पाचशेच्या आसपास तो तोकडा पडतो. चित्रातल्या अस्वलापेक्षा आकड्याकडं बघून ट्यूब निवडा, इतकंच म्हणणं. दात पांढरेशुभ्र करणारी किंवा झिणझिण्यांवरची पेस्ट मात्र मुलांना नको.

कडुलिंबाच्या काडीबद्दल आणि दंतमंजनाबद्दल आजीआजोबा हमखास विचारतात, आणि मला त्यांचा मान ठेवूनच बोलायचं आहे. काडी नीट चावून, कुंचला करून फिरवली तर मोठ्यांचे दात साफ होतात. पण दोन वर्षांच्या मुलाच्या मागच्या दाढेपर्यंत ती पोचत नाही, आणि तिच्यात फ्लोराइड नसतं. दंतमंजन खरखरीत असेल तर कोवळं कवच झिजवतं. मशेरीचं मात्र स्पष्टच सांगते. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजून घरात केलेली मशेरी ही तंबाखूच आहे. तिचा डबा मुलाच्या हाती लागू देऊ नका, आणि आज्यांनो, मशेरीच्या बोटानं बाळाच्या शिवशिवणाऱ्या हिरड्या कधीही चोळू नका. बाळाला तुमचं बोट हवंच असेल तर स्वच्छ धुऊन, ओलं फडकं गुंडाळून फिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रश कुणाच्या हातात? माझं म्हणणं ठाम आहे: सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या हातात. “तो स्वतःचा स्वतः घासतो” असं आई कौतुकानं सांगते तेव्हा मला तिचा आनंद मोडवत नाही, पण चार वर्षांचं मूल ब्रश चावतं, पेस्ट चोखतं आणि पुढचे चार दात घासून मोकळं होतं. सकाळी त्याला हौसेनं करू दे. रात्रीचा ब्रश तुमचा. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही, तेव्हा दातांची राखण करायला रात्रभर कुणी नसतं. रात्री ब्रशनंतर तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. पेस्ट थुंकायला सांगा, पण खळखळून चूळ भरायला लावू नका. चूळ भरली की लावलेलं फ्लोराइड सगळं वाहून जातं. जे लहान आहे आणि थुंकत नाही, त्याचं तोंड ओल्या फडक्यानं टिपलं तरी पुरे.

पोर तोंडच उघडत नाही, रडतं, लाथा झाडतं, हेही मला माहीत आहे. समोर उभं करून ब्रश केलात की ते मान वळवणारच. त्याला मांडीवर उताणं घ्या, डोकं तुमच्या पोटाकडं. बाळंतिणीच्या खोलीत तेल लावताना, पायांवर घेऊन न्हाऊ घालताना हे तुम्ही कितीदा केलंय. डाव्या हाताच्या बोटानं ओठ वर घ्या, उजव्यानं ब्रश हिरडीला लागून फिरवा. वरचे, खालचे, मग दाढांच्या चावायच्या खाचा. दोन मिनिटं होतात. पहिले आठ-दहा दिवस रडेल, मग सवय पडते. रडताना तोंड उघडं असतं, तेवढ्यात दाढा घासून होतात.

भात लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला मी रात्री ब्रशचं सांगते तेव्हा मला बोलायला जड जातं. पिरंगुटच्या कंपनीत रात्रपाळीला जाणाऱ्या बाबांचंही तेच. म्हणून हे काम एकट्या आईचं ठेवू नका. जो घरी असेल त्यानं करावं: बाबा, आजी, मोठी बहीण. जेवण होताच लगेच करून टाका, डोळे मिटायची वाट बघू नका. आणि एखाद्या रात्री राहिलंच तर सकाळी मनाला लावून घेऊ नका, पुढच्या रात्री करा.

दुधाच्या बाटलीचं मात्र मला सोडवत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या पोराला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायची, ही सवय वरच्या पुढच्या दातांचे चार-सहा महिन्यांत बुंधे करून टाकते. वर्षाच्या आसपास बाटली सुटावी, दूध पेल्यातून द्यावं, बिनसाखरेचं. चोखणीला मध तर अजिबात नको; वर्षाच्या आतल्या बाळाला मध जिवावर बेतू शकतो. खोकल्याचं गोड औषध रात्री द्यावं लागलं तर त्यानंतर ब्रश करा. अंगावरचं दूध चालू असलेल्या आयांनी ते खुशाल चालू ठेवावं. दात आल्यावर दातांची रोजची सफाई सोबत असली की झालं.

महिन्यातून एकदा दिवसाउजेडी मुलाचा वरचा ओठ उचलून बघायची सवय लावून घ्या. हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. तिथं अजून भोक पडलेलं नाही. याच वेळी नेमानं फ्लोराइडची पेस्ट आणि दंतवैद्याकडं लावून मिळणारा फ्लोराइडचा लेप मिळाला, तर ती रेघ तिथंच थांबू शकते, भरूनही येऊ शकते. तपकिरी खड्डा पडला असेल तरी हात झटकू नका. लहान मुलांना यंत्र न लावता, नुसतं चांदी आणि फ्लोराइडचं द्रावण टेकवून कीड जागच्या जागी थांबवता येते. किडलेला भाग त्यानं काळा पडतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर घरी जाऊन घाबराल.

यासाठी दर वेळी पुण्याला पळायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरातून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासायच्या आजारांत दातांची कीडही आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि डॉक्टरांनी फक्त वजन-उंची बघून पुढं ढकललं, तर “दातही बघा” असं हक्कानं म्हणा. पुढचे उपचार लागले तर ते पौडच्या ग्रामीण रुग्णालयाकडं किंवा पुढं मोठ्या रुग्णालयाकडं पाठवतात. तो कागद हरवू नका. पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो.

मूल सहा वर्षांचं झालं की एक दाढ विशेष लक्ष देऊन शोधा. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागं येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही आणि दिसली तरी दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ आहे, पुढं जन्मभर तीच. खाचा खोल, ब्रश पोचत नाही, त्यामुळं ती लवकर किडते. तिच्या खाचा भरून घ्यायचा साधा, न दुखणारा उपाय आहे. पहिलीत नाव घालायला जाल त्या वर्षी दंतवैद्याला एवढंच विचारा: सहा वर्षांची दाढ पुरती वर आली का, आणि खाचा आत्ताच भरून घेऊ का?